गोझोचा किनारा एका दिवसात पायी होईल का? (माल्टा, एप्रिल, सोबत आई आणि लेक)

भटकापुणेकर

नमस्कार मंडळी,

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात माल्टाला चाललोय. मेहुणी तिकडे एका वृद्धाश्रमात केअरर आहे, तीन वर्षं "या ना या ना" चाललं होतं, शेवटी शेंगेन व्हिसा हातात पडला आणि तिकिटं काढून टाकली. एकूण सहा दिवस, त्यातले दोन गोझो बेटासाठी ठेवलेत, कारण मला म्युझियम आणि चर्च फार झेपत नाहीत, पाय मोकळे करायला काहीतरी पाहिजे.

तर प्रश्न असा. नकाशात बघितलं तर गोझो म्हणजे जेमतेम १४ किलोमीटर लांब आणि ७ रुंद, सगळ्यात उंच टेकडी दोनशे मीटरसुद्धा नाही. मी आणि बायको दोघंही कात्रज ते सिंहगड तीनदा केलेले, राजगड तोरणा झालंय, लेक तेरा वर्षांची आहे आणि ती आमच्यापेक्षा पुढे पळते. मग पूर्ण बेटाला किनाऱ्याकिनाऱ्याने एका दिवसात प्रदक्षिणा मारता येईल का? सकाळी पहिल्या बोटीने जायचं आणि रात्री परत असं डोक्यात आहे. नसेल जमत तर कुठला तुकडा निवडावा?

दुसरं म्हणजे सोबत आई आहे, वय ६८, गुडघे कुरकुर करतात पण घरी बसायला तयार नाही. तिला दिवसभर मेहुणीकडे सोडून आम्ही चालायला गेलो तर घरात महाभारत होईल. तिच्यासाठी काही जमवता येईल का?

शाकाहारी आहोत (मी बाहेर अंडं खातो, आईला सांगू नका).

खारीवाट

भटकापुणेकर, मी सहा वर्षं इथे आहे, नर्सिंगमधे, त्यातली चार गोझोवर काढलीत, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी हेच करते. लांब लिहितेय, चहा घेऊन बसा.

पहिलं उत्तर: पूर्ण प्रदक्षिणा एका दिवसात नाही. म्हणजे करणारे करतात, पण ती पन्नास-पंचावन्न किलोमीटर भरते, कारण किनारा सरळ नाहीये, प्रत्येक घळीत आत शिरून पुन्हा बाहेर यावं लागतं. नकाशावर जे बोटभर दिसतं ना ते चालायला तासभर घेतं. मुलीला घेऊन असलं काही करू नका, तिसऱ्या तासाला ती तुमच्याशी बोलणं बंद करेल.

तुकडे निवडायचे असतील तर माझ्या मते दोन.

एक म्हणजे श्लेंदी ते द्वेय्रा. (इथल्या भाषेत एक्स लिहितात आणि श म्हणतात, हे लक्षात ठेवलं तर बसच्या पाट्या वाचता येतील.) श्लेंदी हे खाडीच्या तोंडाशी वसलेलं छोटं गाव, दोन्ही बाजूंना कडे. तिथून उत्तरेच्या अंगाने चढायला लागायचं, पहिली वीस मिनिटं दम लागतो, आणि एकदा वर आलात की मग पठार आणि डाव्या हाताला सरळ समुद्र. मधे रास इल-वार्दिया म्हणून एक टोक लागतं, तिथे कातळात कोरलेलं फिनिशियन-रोमन काळातलं देवस्थान आहे, वाकडी वाट करून जायचं असेल तर अर्धा तास जास्त धरा. मग हळूहळू उतरत तुम्ही द्वेय्राच्या खोलगटात येता. पाच-सहा किलोमीटर, फोटो काढत गेलात तर अडीच तास.

दुसरा म्हणजे द्वेय्रा ते मार्सलफोर्न, उत्तरेचा किनारा. हा अकरा-बारा किलोमीटर, पाच तास धराच. सान दिमित्रीचं एकटं देऊळ (चॅपेल हो, पण इतकं एकटं आहे की मला देऊळच म्हणावंसं वाटतं), मग विएद इल-मिएलाहची दगडी कमान, मग विएद इल-आस्री, ही एक इतकी अरुंद घळ आहे की समुद्र तिच्यात सापासारखा आत शिरलाय, आणि शेवटी श्वेयनीची मिठागरं. मला विचाराल तर हाच जास्त सुंदर. पण सावली शून्य. मी शून्य म्हणते तेव्हा शून्य, एक कॅरोबचं झाड सुद्धा वाटेवर नाही.

अझूर विंडोबद्दल (द्वेय्राची ती प्रसिद्ध दगडी कमान) विचारायच्या आधी सांगते, ती ८ मार्च २०१७ ला वादळात कोसळली, खांबासकट गेली. लोक अजून येऊन विचारतात कुठे आहे म्हणून. विएद इल-मिएलाहची कमान लहान आहे पण जिवंत आहे, आणि तिथे बऱ्याचदा तुमच्याशिवाय कोणी नसतं.

आईंचं सोपं आहे. व्हिक्टोरियाहून (बेटाचं मुख्य गाव, जुने लोक अजून रबातच म्हणतात, राणीच्या ज्युबिलीला १८८७ मधे नाव बदललं) ३११ नंबरची बस थेट द्वेय्राला जाते, तासातासाने. तुम्ही श्लेंदीहून चालत या, आई आणि तुमची मेहुणी बसने द्वेय्राला येऊ देत. तिथे इनलँड सी म्हणून एक तळं आहे, म्हणजे समुद्रच, पण डोंगराच्या आत, एका ऐंशीएक मीटरच्या नैसर्गिक बोगद्यातून बाहेरच्या समुद्राला जोडलेला. कोळी छोट्या होडीतून त्या बोगद्यातून बाहेर नेऊन आणतात, माणशी पाचेक युरो घेतात. गुडघ्यांना काही करावं लागत नाही, फक्त होडीत बसताना हात द्यायचा. समुद्र खवळला असेल तर मात्र होड्या बंद.

घसारा

खारीवाट ताईंनी सगळं छान सांगितलंय, मी फक्त भीती दाखवायला आलोय.

भाऊ, "दोनशे मीटर पण नाही" हे वाक्य मी पण म्हणालो होतो. ऑगस्टमधे गेलो होतो, ऑफिसच्या कामाने माल्टाला, एक शनिवार मोकळा होता, एकटाच. म्हटलं सह्याद्रीत मे महिन्यात ढाक बहिरी केलाय आपण, हे काय आहे. एक लिटरची एक बाटली, अर्धं पाकीट बिस्किटं आणि डोक्यावर काही नाही. द्वेय्राहून साडेदहाला निघालो, हा मूर्खपणा नंबर एक.

आपल्याकडे कसं, ऊन असलं तरी कारवी असते, कुठे उंबर असतो, गडावर गेलं की टाकं असतं, धनगराचं घर असतं, ताक मिळतं. इथे काही नाही ओ. दगड पांढरट पिवळा, खालून पण ऊन मारतो, समुद्र तिसऱ्या बाजूने मारतो. दीड तासात पाणी संपलं. फोनमधला नकाशा मला एका वाटेवर घेऊन गेला ती एका दगडी बांधाशी संपली, बांधापलीकडे शेत, शेतापलीकडे कडा. परत फिरलो तर डोकं गरगरायला लागलं, घाम येणं बंद झालं, तेव्हा कळलं की हे काही बरोबर नाही. एका बांधाच्या वीतभर सावलीत आडवा झालो, अक्षरशः कुत्र्यासारखा. एक म्हातारा शेतकरी छोट्या ट्रकमधून आला, एक शब्द इंग्रजी बोलला नाही, पाच लिटरचा कॅन काढला, आधी माझ्या डोक्यावर ओतला आणि मग प्यायला दिला. गाडीत घालून आर्बच्या चौकात सोडलं. पैसे देऊ केले तर असा बघितला माझ्याकडे की मी पाकीट परत खिशात घातलं.

एप्रिलमधे इतकं होणार नाही, वीसबावीस डिग्री असतं, पण माणशी दोन लिटर घ्याच आणि टोपी घ्या, आणि मुलीच्या मानेला सनस्क्रीन. वारा गार असतो त्यामुळे भाजतंय हे कळतच नाही.

आणि दगडाबद्दल. कड्यावरचा वरचा थर आहे तो जांभ्यासारखा भोकाभोकाचा, पण जांभा बोथट असतो, हा सुरीसारखा धारदार. पडलात तर तळहात सोलून निघतो. शूज जाड तळव्याचे घ्या. काठाला जाऊ नका, आपल्याकडचा बेसॉल्टचा कडा विश्वासू असतो, हा चुनखडी आतून पोखरलेला असतो, वर उभं राहून खाली काय आहे ते कळत नाही. अझूर विंडो काय सांगत होती मग.

कोकणीमाणूस

एवढे पैसे घालून उघडा कातळ बघायला माल्टाला कशाला जायचं ते कळलं नाही. आमच्या देवगड-विजयदुर्गला या, कातळ आहे समुद्र आहे, वरून आंबा पण आहे. एप्रिलमधेच.

खारीवाट

कोकणीमाणूस, मी स्वतः मालवणची आहे हो, त्यामुळे मला ऐकवू नका. :) त्यांची मेहुणी देवगडला असती तर तिकडे गेले असते. आणि एक गंमत सांगते, इथली घरं ज्या मऊ पिवळ्या दगडाची आहेत तो दगड आपल्या चिऱ्यासारखाच खाणीतून चौकोनी कापून काढतात, ताजा असताना मऊ आणि हवा लागली की टणक. पहिल्यांदा ती खाण बघितली तेव्हा मला आमच्या घराच्या मागची चिरेखाण आठवून रडू आलं होतं.

घसारा, तुमचा किस्सा वाचून काटा आला. तुम्हाला पाणी देणारा शेतकरी एप्रिलमधे बंदूक घेऊन भेटला असता, यावरून आठवलं.

भटकापुणेकर, वाटेवर दगडांवर पांढऱ्या रंगात मोठ्ठं "आर टी ओ" लिहिलेलं दिसेल, जागोजागी. घाबरू नका, पीयूसी मागत नाहीत. त्याचा अर्थ ही जागा राखीव आहे, खासगी आहे, आणि बहुतेक वेळा हे पक्षी मारणाऱ्या शिकाऱ्यांनी लिहिलेलं असतं. वसंतातली शिकार बंद करायची का यावर २०१५ च्या एप्रिलमधे इथे सार्वमत झालं होतं, आणि शिकारी अगदी काठावर जिंकले, ५०.४ टक्के. हा इथे फार नाजूक विषय आहे, चहाच्या टेबलावर काढू नका. एप्रिलमधे सीझन चालू असेल तर पहाटे ठो ठो आवाज येतील. शेतात दगडाची छोटी खोपटी दिसली की त्याच्या पुढ्यातून जाऊ नका, मागून हाक मारून, "बोंजू" म्हणून जा. माणसं वाईट नसतात, पण मी तरी लाल जॅकेट घालते.

शब्दवेडा

धागा बघून राहवलं नाही. मी गेलेलो एकदाच, पण भाषेसाठी गेलेलो.

माल्टीज ही अरबीची मुलगी आहे आणि लिपी रोमन, त्यामुळे आपल्याला कानाला एकदम ओळखीची लागते. जगाला ते "दिन्या" म्हणतात, आपली दुनिया. पुस्तक "क्तिएब", किताब. आणि मित्राला, जोडीदाराला काय म्हणतात माहितीये? "सिएहेब". म्हणजे आपला साहेब! आपल्याकडे तो खुर्चीत जाऊन बसला, तिकडे अजून खांद्याला खांदा लावून चालतोय. कट्टर कॅथलिक लोक आणि ईस्टरला म्हणतात "ईद", उपासाच्या चाळीस दिवसांना म्हणतात "रांदान", रमजानवरून. आणि गोझोचं त्यांच्या भाषेतलं नाव "आउदेश". मला तर ऐकल्यावर मध्य प्रदेशातला तालुका वाटला.

त्या सान दिमित्रीच्या चॅपेलपाशी थांबाल तर ही गोष्ट मुलीला सांगा. तिथे झ्गुजिना नावाची म्हातारी राहायची, एकुलता एक मुलगा. समुद्री चाचे आले आणि त्याला उचलून घेऊन गेले. म्हातारी देवळात जाऊन चित्रापुढे बसली, माझं लेकरू आणून दे, तुझ्यापुढे तेलाचा दिवा लावीन. तर म्हणे चित्रातला घोडेस्वार संत घोड्यासकट बाहेर आला, समुद्रावरून दौडत गेला आणि पोराला घेऊन परत आला. दगडात घोड्याच्या टापेचा ठसा दाखवतात. पुढे ते मूळ देऊळ कड्यासकट समुद्रात गेलं, आणि कोळी सांगतात की तळाशी अजून तो दिवा जळतोय. नवस बोलणं, मान्य होणं, टापेचा ठसा... आपल्याकडे खंडोबाच्या जागी हे जसंच्या तसं खपेल.

पण गोष्ट नुसती गोष्ट नाही. १५५१ मधे तुर्गुत रईस या तुर्की सरदाराच्या आरमाराने गोझोची गढी घेतली आणि बेटावरची जवळजवळ सगळी माणसं, पाच हजारांच्या आसपास, गुलाम करून नेली. अख्खं बेट रिकामं. तुम्ही किनाऱ्याने चालताना जे चौकोनी टेहळणी बुरूज बघाल, श्लेंदीचा १६५० चा, द्वेय्राचा १६५२ चा, ते सगळे त्या धसक्यातून आलेत. झ्गुजिना एक नव्हती.

जाता जाता अजून एक. १८७८ मधे रशियाला दम द्यायला ब्रिटिशांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून बोटीने माल्टात आणून ठेवले होते, त्यात बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. म्हणजे मराठी माणूस माल्टाला पहिल्यांदा चाललाय असं समजू नका, कोणीतरी सातारकर दीडशे वर्षांपूर्वी तिथे ऊन खाऊन गेला असणार.

भटकापुणेकर

बाप रे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांना धन्यवाद, प्रदक्षिणेचा विचार रद्द. घसारा भाऊ तुमचा किस्सा बायकोला वाचून दाखवला, तिने तिथल्या तिथे दोन लिटरच्या पाण्याच्या पिशव्या ऑर्डर केल्या.

मिठागराचं वाचून आई एकदम उठून बसली. ती मूळची उरणची, तिचे वडील मिठागरावर कामाला होते. म्हणते मला डोंगर नको, बोगदा नको, मिठागर दाखवा. तर खारीवाट ताई, ते श्वेयनीचं काही चालल्याशिवाय बघता येतं का? आणि बोट, बस, जेवण याचं पण दोन ओळीत सांगा, फार त्रास देत नाही.

खारीवाट

अहो त्रास कसला.

मिठागर रस्त्याला लागूनच आहे, मार्सलफोर्नला बसने उतरायचं आणि किनाऱ्याच्या सपाट रस्त्याने आरामात वीस-पंचवीस मिनिटं चालायचं. आईंना झेपेल. नसेल तर टॅक्सी रस्त्यावरच सोडते. पण त्यांना आधी सांगून ठेवा की उरणसारखं मातीचं नाही हे. त्या मऊ पिवळ्या कातळातच उथळ चौकोन कोरलेत, शेकड्यांनी, बुद्धिबळाच्या पटासारखे, साडेतीनशे वर्षांपासून चालू आहे. मीठ मे ते सप्टेंबर काढतात, झाडूने लोटून ढीग करतात, त्यामुळे एप्रिलमधे नुसतं पाणी दिसेल. मागच्या बाजूला कातळात खोदलेल्या खोल्या आहेत, दार उघडं असेल तर मागच्या सीझनचं मीठ पिशवीत विकत मिळतं. एकच सांगते, चौकोनांच्या मधल्या कडांवरून चालू नका, त्या लोकांना ते अजिबात आवडत नाही, त्यांची भाकरी आहे ती. आणि पाण्याकडच्या बाजूला शेवाळ असतं, लाट अचानक येते.

बोट: चिर्केव्वा (माल्टाचा धक्का) ते इम्जार (गोझोचा धक्का), पंचवीस मिनिटं. जाताना कोणी तिकीट विचारणार नाही, येतानाच घ्यायचं. वॅलेटाहून पण एक जलद बोट आहे, पाऊण तासाची. बसला दोन-अडीच युरो, दोन तास चालतं तिकीट. गोझोच्या बहुतेक बसेस व्हिक्टोरियातून निघतात आणि तिथेच येतात, एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर थेट फारसं काही नाही. शेवटची बस आधी बघून ठेवा. गाडी भाड्याने घेतलीत तर आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं.

जेवण: मटारचे पास्तित्सी खा, पापुद्र्याची मटार करंजीच ती, पण डुकराची चरबी घातलीये का ते विचारून घ्या, काही जण घालतात. फ्तिरा म्हणजे गोल चपटा पाव, त्यात टोमॅटो, केपर, ऑलिव्ह, आणि ट्यूना असतोच, "नो ट्यूना" दोनदा सांगा. मेंढीच्या दुधाचं छोटं गोल चीज मिळतं, ज्बेयना, मिरपूड लावलेलं घ्या. वाटेवर काही मिळत नाही, सकाळी व्हिक्टोरियातून बांधून घ्या.

वाऱ्याचं बघा. वायव्येचा वारा असेल, इथे मय्यिस्त्राल म्हणतात, तर उत्तर आणि पश्चिम किनाऱ्यावर लाटा फुटतात आणि कड्यावर उभं राहवत नाही. त्या दिवशी दक्षिणेला ता चेंचच्या कड्यांवर जा. आणि पाऊस पडून गेला असेल तर राम्ला आणि सान ब्लासच्या बाजूला जाऊ नका, तिकडे उताराला निळसर चिकणमाती आहे, ओली झाली की लोणी.

घसारा

ओल्या चिकणमातीचं +१. त्यावर मी नाही, माझा कलीग घसरला होता. फोटो आहे पण टाकत नाही.

भटकापुणेकर

जाऊन आलो! तीन आठवडे झाले, लिहू लिहू म्हणत राहिलं, सुट्टीनंतर ऑफिसने कोंडून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी श्लेंदी-द्वेय्रा. सकाळी आठला चढायला लागलो, पहिल्या चढाला बायको म्हणाली हा तर आपला रोजचा पर्वतीच, आणि वर आल्यावर गप्प झाली. मी इतका समुद्र एकदम कधी बघितला नव्हता. कोकणकड्यावर खाली दरी असते ना, तशी दरी, पण तळाला निळं हलतंय. पिवळी रानफुलं गुडघाभर, मधे सुला नावाच्या चाऱ्याच्या पिकाची लालभडक शेतं, आणि बांधांवर आपला फड्या निवडुंग, अगदी घरच्यासारखा. आर टी ओ पाहून सई (लेक) इतकी हसली की तिने एकोणीस मोजले. दोनदा गोळीचा आवाज आला, लांबून. लाल जॅकेट नव्हतं, बायकोची लाल ओढणी सॅकला बांधली होती.

द्वेय्राला उतरताना समोर तो फंगस रॉक, एकटा उभा सुळका. कळलं की त्याच्यावर एक लालसर वनस्पती उगवते, रक्त थांबवायचं औषध म्हणून तिची एवढी किंमत होती की तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांनी सुळक्यावर पहारा बसवला होता आणि दोरावरून पाळण्यात बसून माणसं पलीकडे जायची. आणि गंमत म्हणजे ती बुरशी नाहीच, दुसऱ्या झाडाच्या मुळांवर जगणारी परजीवी वनस्पती आहे. सईला मात्र सुळक्यापेक्षा पायाखालचा दगड आवडला. कातळात गोल गोल चकत्या, पुरीएवढ्या, मधे पाच पाकळ्यांचं फूल कोरल्यासारखं. समुद्रातल्या सँड डॉलर नावाच्या प्राण्याचे जीवाश्म आहेत म्हणे. ती अर्धा तास पालथी पडून त्यांच्यावरून बोट फिरवत होती. उचलू दिलं नाही, उचलण्यासारखे नव्हतेच, दगडातच होते.

आईची होडी मात्र हुकली. लाटा होत्या, होड्या ओढून वर ठेवलेल्या. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार, पण ती आणि मेहुणी तळ्याच्या काठी बसून आइसक्रीम खात होत्या आणि शेजारी एक कोळी आजोबा जाळं शिवत होते. आई त्यांना मराठीत सांगत होती की गाठ अशी नाही अशी मारतात. ते माल्टीजमधे काहीतरी उत्तर देत होते. दोघांचं व्यवस्थित चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी वारा उतरला होता, मग उत्तर किनारा, पण पूर्ण नाही केला, सान दिमित्रीपर्यंत टॅक्सीने जाऊन तिथून चाललो. झ्गुजिनाची गोष्ट सांगितली, शब्दवेडा साहेब (म्हणजे सिएहेब). सईने विचारलं बाकीच्या पाच हजार लोकांच्या आयांनी नवस नव्हता का बोलला. माझ्याकडे उत्तर नव्हतं, पुढे चला म्हटलं. विएद इल-आस्रीच्या पायऱ्या उतरून खाली गेलो, दोन्ही बाजूला भिंती, मधे पाण्याची पट्टी, आवाज घुमतो, पाणी इतकं गार की पाय घातल्यावर किंचाळलो. पाणी माणशी दोन लिटर नेलं होतं ते पुरून थोडं उरलं, पण ऊन बघता एप्रिलमधे सुद्धा कमी नेऊ नये असंच वाटलं. माझी मान सोलवटलीच, सनस्क्रीन मुलीला लावून माझंच राहिलं.

मिठागरावर आई आमच्या आधी येऊन बसली होती. चपला काढून एका चौकोनाशी वाकून तिने पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं, आणि म्हणाली अजून पंधरा दिवस लागतील. खोलीचं दार उघडं होतं, आतली बाई पिशव्या भरत होती. आईने हातावर चिमूटभर घेऊन दाणा चिरडून बघितला, मान हलवली, आणि दोन किलो घेतलं. विमानात वजन माझ्या बॅगेत.

बरण्या धुऊन वाळत ठेवल्यात, कैरी आणायला परवा मार्केट यार्डात जायचंय.

खारीवाट

पंधरा दिवस!! मी काल मुद्दाम श्वेयनीला जाऊन आले. दोनच चौकोनांत कडेला पांढरी रेघ धरली होती. काकूंना सांगा.

कोकणीमाणूस

कैरी देवगडहून पाठवू का?